ग्लासावरची संत्र्याची साल

"या घरात माणसाले बसाले जागा नाही, सालपटांले आहे."

मधुकरराव हे कुणाला उद्देशून बोलले नव्हते. ते बोलायचे भिंतीशी. पण आवाज असा बेतून लावायचे, की स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या सुनेला शब्द न् शब्द ऐकू जावा, आणि तिला वाटलंच तर ऐकू आलं नाही असंही म्हणता यावं. अठ्ठावीस वर्षांत उत्तराला ही सवलत फार उपयोगी पडली होती. तिनं नळ थोडा मोठा केला.

"अन् खाली आजचा पेपर अंथरला. आजचा! कालचा होता न घरात."

हे मात्र ऐकावं लागलं. ओले हात ओढणीला पुसत ती बाल्कनीत आली. सासऱ्यांची वेताची खुर्ची, जिच्यावर हिवाळ्यात नऊ ते अकरा त्यांच्याशिवाय कुणी बसत नाही, तिच्यावर संत्र्याच्या साली ऊन खात पसरल्या होत्या. रुंद तुकडे एकीकडे, बारीक पट्ट्या दुसरीकडे, आणि मधे रुपयाएवढे गोल कापलेले. पेपरातल्या एका पुढाऱ्याच्या तोंडावर सालीचा ओला डाग पडला होता.

"आता उचलते, मामाजी."

"राहू दे. बसल्या आहेत न त्या. मीच उभा राहतो."

साली अबोलीच्या. अबोली म्हणजे उत्तराची मुलगी, मधुकररावांची एकुलती एक नात, वय सव्वीस. पाच वर्षं ती गोव्यात एका हॉटेलच्या बारमागे उभी होती. चार महिन्यांपूर्वी इथं नागपुरात, धरमपेठेत निघणाऱ्या नव्या रेस्टॉरंटनं अख्खा बार तिच्या हाती दिला, म्हणून परत आली. गुरुवारी उद्घाटन. गोव्यात होती तोवर 'हॉटेल मॅनेजमेंट' एवढ्यावर भागत होतं. आता धरमपेठेतून ओळखीपाळखीचे लोक रोज जाणार-येणार. खालच्या मजल्यावरच्या प्रेमिलाताईंनी विचारलंच, तेव्हा मधुकररावांनी जिन्याची पायरी न चुकवता सांगून टाकलं, "फळांच्या रसाचं काम आहे तिचं." तेव्हापासून प्रेमिलाताई भेटतील तिथं मोसंबीच्या ज्यूसचा भाव विचारत होत्या.

रसाचं काम तसं अगदीच खोटं नव्हतं. महिनाभर घरात संत्र्याशिवाय विषय नव्हता. बाहेरून येणाऱ्या जाड सालीच्या संत्र्यावर चाकू फिरवला, की लांब, देखणी पट्टी निघते. आपलं संत्रं पडलं ढिल्या अंगरख्याचं. नख लावलं की सगळा अंगरखा हातात, आणि पट्टी काढायला जावं तर ती मोडते. पण चिमटीत दाबलं तर जे तेल उडतं, ते दुसऱ्या कुठल्या संत्र्याला नाही. अबोली हटून बसली होती. "नागपुरात बसून परदेशी संत्र्याची साल लावू? लोक हसतील माझ्यावर." म्हणून रोज पाच-सहा संत्री सोलली जात होती, फोडी तिघं मिळून खात होते आणि साली खुर्चीवर बसत होत्या.

न्हाऊन, केसांना टॉवेल गुंडाळून अबोली बाहेर आली. हातात एक लांबट कागद.

"आबाजी, एक काम होतं. आमचं मेनूकार्ड. आमच्या मालकाला, अश्विनला, मराठीतच पाहिजे, धरमपेठेत कुणाचंच नाही म्हणे. पाच वाजता प्रेसला जाणार. तपासून द्या न."

"दारूचं?"

"शुद्धलेखनाचं."

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. पोरीला आजोबा पाठ होते. चौतीस वर्षं त्यांनी जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीत काढली होती. नाव, तारीख, वेळ, ठिकाण. तारीख जुळत नसेल तर नोंद नाही, मग समोर कुणाचाही माणूस उभा असो. निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी सदऱ्याच्या खिशात लाल पेन होताच. लोकांच्या लग्नपत्रिका आल्या की ते चुका दुरुस्त करून परत पाठवत. दोन घरांशी त्यावरून बोलणं बंद झालं होतं.

साली ताटात गेल्या, पेपर झटकला गेला आणि मधुकरराव खुर्चीत बसले. चष्मा लागला.

"ओल्ड फॅशन्ड. हे काय नाव झालं?"

"व्हिस्कीचं आहे. सगळ्यात जुनं म्हणा. व्हिस्की, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्काचे दोन थेंब. अठराशे सहा साली अमेरिकेत एका वाचकानं संपादकाला पत्र लिहून विचारलं होतं, कॉकटेल म्हणजे काय हो? तर संपादकानं हेच चार पदार्थ छापले."

"संपादकाले पत्र." मधुकररावांचा स्वर जरा मवाळ झाला. ते स्वतः वर्षाला बारा पत्रं लिहीत, दोन छापून येत. "मंग नाव?"

"पुढं बारवाल्यांना उत्साह आला. कुणी त्यात फळाची दारू टाकली, कुणी अजून काही. जुनी गिऱ्हाइकं वैतागली. म्हणायला लागली, आम्हाला ते नवं काही नको, पहिल्यासारखं द्या. जुन्या पद्धतीचं. तेच म्हणता म्हणता नाव पडलं. आईनं चहात गवती चहा, तुळस, दालचिनी टाकली की तुम्ही काय म्हणता?"

"काढा नको, चहा दे, म्हणतो."

"बस. तुमच्यासारख्यांनी ठेवलेलं नाव आहे ते."

उत्तरा दारात टेकून हसली. गवती चहा तीच टाकायची. तिलाही वाटलं की नाव ठेवायची ही तऱ्हा बरी आहे. बारसं नाही, पाळणा नाही. हट्टी माणसं रोज येऊन तेच मागत राहिली आणि नाव पडलं.

मधुकररावांचा पेन पुढे सरकला आणि थांबला. "अन् हे काय लिहिलं? केंटकीतल्या लुइव्हिल शहरातल्या क्लबात हे पहिल्यांदा बनलं, एका कर्नलच्या मानासाठी?"

"तशी गोष्ट सांगतात. अश्विनला फार आवडते. कर्नल आहे न त्यात."

"क्लब निघाला कधी?"

"अठराशे एक्क्याऐंशी."

"अन् हे नाव कुठं छापून आलं होतं काय आधी?"

अबोलीनं केसांचा टॉवेल सोडून त्याच्याआड तोंड लपवलं. "शिकागोच्या पेपरात. अठराशे ऐंशीत."

"मंग? जन्माच्या आधी लेकरू शाळेत गेलं काय?" लाल रेघ कर्नलवरून सरळ गेली. "तारीख जुळत नाही. सांगणाऱ्याले गोड वाटते म्हणून छापाचं नाही."

मग त्यांनी कार्ड उलटलं. मागच्या बाजूला एकच पदार्थ होता, चौकटीत. त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"सुमंत. व्हिस्की, खडीसाखर, कडू अर्काचे दोन थेंब आणि नागपुरी संत्र्याची साल. माझ्या बाबांच्या शर्टाला बारा महिने संत्र्याचा वास..."

पुढचं त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. उत्तरानं त्यांच्या खांद्यावरून वाचलं. *...यायचा. ते रसिक होते. हा ग्लास त्यांच्यासाठी.*

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

सुमंत म्हणजे मधुकररावांचा मुलगा, अबोलीचा बाप. बांधकामाच्या ऑफिसात नकाशे काढायचा. अक्षर असं, की शेजारच्या पोरांच्या वह्यांवर नावं घालायला तोच लागायचा. सतरा वर्षांपूर्वी गेला, तेव्हा अबोली चौथीत होती. कशानं गेला? कावीळ. पोटात पाणी झालं होतं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला मधुकररावांनी तेच सांगितलं. "कावीळ झाली. उशिरा कळलं." सांगताना एकदाच त्यांची नजर उत्तराकडे वळली होती. त्या नजरेत हुकूम असता तर तिनं मोडला असता. पण म्हातारा तिच्याकडे काहीतरी मागत होता. तिनं मान डोलावली. तेव्हापासून घरात कावीळच होती. तिचा भाऊ आला तरी कावीळ, शाळेच्या फॉर्मवर कावीळ, पोरीनं विचारलं तरी कावीळ.

आणि संत्र्याचा वास. सुमंत दारात आला की पहिल्यांदा तोच यायचा. ऑफिसातून येताना कुठंतरी थांबायचं, मग साल चावायची, हातांना चोळायची आणि मग घर. पहिली दोन वर्षं उत्तराला वाटलं, नवऱ्याला संत्रं फार आवडतं. ती पिशव्या भरभरून आणायची. नंतर कळलं. जिन्यात वास आला की ती पोळ्या लाटता लाटता ओळखायची, आज किती. पोरगी मात्र धावत जायची. तो खिशातली साल काढून तिच्या डोळ्यांसमोर दाबायचा, ती किंचाळायची, दोघं हसत सुटायचे. हेही खरंच होतं. उत्तराला दोन्ही खरं ठेवता येत नव्हतं, म्हणून तिनं काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

मधुकररावांनी कार्डाची घडी घातली. "चष्म्याचा नंबर बदलला वाटते. दिसून नाही राहिलं बरोबर."

"मग तिथं या तीन वाजता. दोघंही." अबोलीचा आवाज नेहमीचा होता, पण टॉवेल तिनं हातात पिळून पिळून दोरीसारखा केला होता. "मी बनवून दाखवते. पिऊ नका, वास घ्या. मग सांगा, बाबांचं नाव ठेवू की नको. तुम्हा दोघांतलं एक जरी नाही म्हणालं, तरी नाही ठेवणार. पण पाचच्या आत सांगा. एकदा छापलं की पाचशे कार्डं आहेत."

ती गेली. जेवताना सासरे-सून एकमेकांशी फक्त 'वरण हवं का' एवढंच बोलले. हात धुतल्यावर मधुकररावांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला.

"जाचं आहे काय, मामाजी?"

"मी शुद्धलेखन तपासाले जाऊन राहिलो," ते म्हणाले. "तुले याचं असंन तर ये."

जिन्यात प्रेमिलाताई भेटल्याच. "कुठं निघाले काका, एवढे टापटीप?"

"नातीच्या दुकानात."

"ज्यूस प्याले? बरंय बाई. मले पण सांगा गोड आहे का."

मधुकररावांचे कान लाल झाले. ऑटोत बसल्यावर बराच वेळ ते बाहेर बघत राहिले. शंकरनगरच्या चौकात सिग्नलला एकदम म्हणाले, "रसिक हा शब्द कुठून सुचला तिले?" उत्तराला वाटलं, आता बोलावं. ऑटोत बोलणं सोपं असतं, तोंडाकडे बघावं लागत नाही. पण सिग्नल सुटला, आणि ते एकोणऐंशी वर्षांचे होते, आणि त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी आज आठवणीनं लावली होती.

रेस्टॉरंटमध्ये व्हार्निशचा वास भरला होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, मोठ्या खिडक्यांतून दुपारचं ऊन थेट काउंटरपर्यंत आलेलं. मालक अश्विन, पस्तिशीचा, टी-शर्टवर रंगाचे डाग, धावत आला आणि वाकून मधुकररावांच्या पाया पडला. बारमध्ये कुणी आपल्या पाया पडेल असं त्यांना उभ्या जन्मात वाटलं नसेल. आशीर्वाद काय द्यावा याचा त्यांनी जरा विचार केला.

"सुखी राहा," ते म्हणाले. "परवाना आहे न?"

"आहे काका. फ्रेम करून लावला."

त्यांनी जाऊन फ्रेममधला परवाना वाचला. तारखा बघितल्या. मग समाधानानं येऊन उंच स्टुलावर चढायचा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी अश्विननं हात दिला. कपभर चहा त्यांच्यासमोर ठेवून तो वायरमनकडे गेला. चहात काहीही घातलेलं नव्हतं. अबोलीनं सांगून ठेवलं असणार.

उत्तरानं मुलीला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. फोटो पाहिले होते, त्यात ती नुसती हसत असायची. इथं ती हसत नव्हती. जाड बुडाचा ग्लास तिनं उजेडाकडे धरून पाहिला, पुसला, पुन्हा पाहिला. खडीसाखर घोटली, तिच्यावर ते दोन थेंब, चमचाभर पाणी. व्हिस्की मापानं ओतली, शेवटचा थेंब मापातून झटकला नाही, आपणहून पडू दिला. बर्फाचा एकच मोठा खडा. मग लांब दांड्याचा चमचा ग्लासाच्या कडेकडेनं असा फिरला, की आवाजच नाही. हे बोटांचं वळण उत्तराच्या ओळखीचं होतं. नकाशावर शाईची रेघ ओढताना सुमंतची बोटं अशीच चालायची, आणि घरातली माणसं तेवढा वेळ श्वास धरून बसायची.

"पीत नाही न गं तू?" तिनं विचारलं. हा प्रश्न पाच वर्षं फोनवर तिच्या जिभेवर यायचा आणि 'जेवलीस का' होऊन बाहेर पडायचा.

"चमच्याचं टोक जिभेला लावते, चव बघते, पाण्यानं खळखळून थुंकते. झालं. विचारायचं होतं न आधीच."

"हो. विचारायचं होतं."

अबोलीनं डब्यातून सालीचा गोल तुकडा काढला. "लांब पट्टी नाही निघत आपल्या संत्र्याची. महिनाभर झटले, शेवटी सोडून दिलं. गोलच बरा." तिनं काडी पेटवली आणि ज्योतीसमोर साल दाबली. तेल भुर्रकन उडालं, पेटलं आणि ग्लासावर ठिणग्यांचा एक झुबका क्षणभर दिसून विझला. दिवाळीत पणतीवर हाच खेळ सुमंत करायचा. मिस्कील चेहऱ्यानं म्हणायचा, "फुकटची फुलझडी."

साल ग्लासात टाकून तिनं तो आईसमोर सरकवला. "पिऊ नको. वास घे फक्त."

उत्तरा वाकली.

साल, आणि तिच्याखाली ते दुसरं. दार उघडल्यावर चौकटीत उभा असलेला सुमंत. एक हात भिंतीला, कपाळावर घाम, तोंडावर ते 'काही नाही झालं' हसू. अगदी तोच. पोरीनं काहीही न चुकवता, मापानं, आपला बाप ग्लासात बनवला होता. फक्त आपण काय बनवलं हे तिला ठाऊक होतं की नाही, एवढंच उत्तराला समजत नव्हतं.

तिनं ग्लास सासऱ्यांकडे सरकवला. त्यांनी चष्मा काढला, जणू वास डोळ्यांनी घ्यायचा होता, आणि खाली वाकले. वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा त्यांनी ग्लास हळूच, दोन्ही हातांनी, आपल्यापासून लांब केला.

"हे नाव नको, अबोली," उत्तरा म्हणाली.

"काहून?"

"बरं नाही दिसत."

"आई, बरं नाही दिसत हे तू मी चौथीत होते तेव्हापासून म्हणून राहिली." तिनं फडकं उचललं आणि स्वच्छच असलेलं काउंटर पुसायला लागली. "एक सांगू? गोव्यात, दोन वर्षं झाली असतील, एक माणूस यायचा. साधा, ऑफिसवाला. दोन ग्लास घ्यायचा. उठताना ग्लासातली साल काढून चावायचा, आणि मला म्हणायचा, अजून एक द्या, कोरडी. ती खिशात. मी एकदा विचारलं, ही कशाला? तर हसून म्हणाला, मुलगी लहान आहे, दारात पळत येते."

फडकं थांबलं.

"वास तिथंच होता, आई. माझ्या हाताला. रोज येत होता आणि मला कळत नव्हतं की मला हा का आवडतो. त्या दिवशी मी मागच्या दारानं बाहेर जाऊन बसले. तेव्हा समजलं की बाबा..."

ती तिथंच थांबली. तीही. पोरीनं दोन वर्षं मनात धरलेलं वाक्य, आणि शेवटच्या शब्दाशी येऊन तिनंही ते गिळलं. उत्तराला वाटलं, हे आपण तिला शिकवलं. वेणी घालायला शिकवावं तसं, रोज थोडं थोडं.

"म्हणून मी आले परत," अबोली म्हणाली. "मला हेच काम करायचंय, आणि चांगलं करायचंय. माझ्यासमोर बसलेल्याला तिसरा ग्लास देऊ की पाणी देऊ, हे मला समजलं पाहिजे. पण घरात कुणी काही बोलतच नाही, तर मी शिकू कुणाकडून? मला पहिल्यांदा आपलंच काय ते सांगा न कुणीतरी." तिनं आजोबांकडे पाहिलं. "आबाजी, रसिक मी मुद्दाम लिहिलं. म्हटलं, चुकीची नोंद तुम्ही सोडणार नाही."

मधुकररावांनी खिशातून कार्ड काढलं. घडी उलगडली, काउंटरवर सपाट केली, चष्मा लावला. लाल पेनाचं टोपण काढायला त्यांना वेळ लागला. मग 'ते रसिक होते' या तीन शब्दांवरून त्यांनी रेघ ओढली. वर जाऊन 'सुमंत'वरूनही ओढली, पण हलकी, खालचं नाव दिसत राहील अशी.

"याले जुनंच नाव राहू दे," ते म्हणाले. "गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. अन् सुमंतच्या नावानं काही कराचंच असंन, तर दुसरं कर. संत्र्याचंच कर. पण असं, की ते पिऊन माणूस सरळ घरी जाईन, अन् दारात त्याले तोंड लपवा लागणार नाही. ते छाप त्याच्या नावानं. प्रेमिलेलेही पाजता येईन."

अबोली हसली आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "करते. सगळ्यात वर छापते, पहिल्या ओळीत. सोड्यात संत्र्याचा रस, वरून साल, थोडी मिरपूड. अजून एक तास आहे, अश्विनला सांगते." ती निघाली नाही मात्र. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून तिनं तोंड आजोबांच्या अगदी जवळ आणलं, लहानपणी गोष्ट ऐकायला आणायची तसं. "पण काहून, आबाजी? ते सांगा."

उत्तरानं तिला अडवलं नाही. तिनं सासऱ्यांच्या थंड झालेल्या चहाचा कप फक्त बाजूला केला.

"मे महिन्यात संत्र्याची साल कुठून येते, हे मले कोणी विचारलं नाही कधी," मधुकरराव म्हणाले. ते भिंतीशी बोलत नव्हते. उत्तराकडे बघून बोलत होते, सरळ, तेराव्यानंतर पहिल्यांदाच. "हिवाळ्यात वाळवून ठेवत होतो मी. खोकल्याले लागते म्हणून. बिस्किटाच्या डब्यात. तो आला की खाली जिन्यात जाऊन द्याचो त्याच्या हातात. चाव म्हणाचो, मंग वर जा. घरात बायको आहे, लेकरू आहे, त्यांच्या ध्यानात नको याले. मले वाटे, मी घर वाचवून राहिलो."

बाल्कनीतली खुर्ची, तिच्यावरच्या साली, भिंतीशी चाललेली महिनाभराची कुरकुर, सगळं उत्तराच्या डोळ्यांसमोरून सरकलं. तिनं हात पुढे केला आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या मनगटावर ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

"कावीळ होती," ते नातीला म्हणाले. "डोळे पिवळे होते, ते खोटं नाही. पण नोंद अर्धी आहे. अर्धी नोंद मी कोणाचीच घेतली नाही कधी, पोराची घेतली." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवला आणि स्टुलावर ताठ बसले.

"माझा सुमंत दारूनं गेला, पोरी."